कर्जबाजारी घरांवर निकाल देण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कर्जात रुतलेल्या कुटुंबांविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस जी चर्चा चालू आहे, ती मी पहिल्या पत्रापासून वाचत आले आहे. काही वाचकांच्या मते अशा घरांची अवस्था त्यांच्याच उधळेपणाचे फळ आहे आणि त्यांना मदत करणे म्हणजे काटकसरीने राहणाऱ्यांवर अन्याय आहे. उलट बाजूचे वाचक सगळा दोष परिस्थितीच्या माथी मारतात आणि जबाबदारी हा शब्द उच्चारणेसुद्धा त्यांना निष्ठुरपणाचे वाटते. मी एका वित्तसंस्थेच्या वसुली विभागात २६ वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गेली ८ वर्षे अडचणीतल्या कुटुंबांबरोबर बसून त्यांचे हिशेब मांडून देते आहे, त्यामुळे या दोन्ही बाजूंची माणसे मी टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून पाहिली आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की चूक आणि दुर्दैव यांचा निवाडा आपण ज्या घाईने करतो, ती घाईच पुष्कळ घरांना वेळेवर मदत मागण्यापासून रोखते, आणि ज्या जबाबदारीचा आपण आग्रह धरतो ती पार पाडण्याची वाटच त्यामुळे बंद होते.

जवळजवळ प्रत्येक पत्रात एक म्हण आली आहे: अंथरूण पाहून पाय पसरावेत. ही म्हण खरी आहे आणि तिच्यावर माझा राग नाही. नोकरीत असताना मीही ती शेकडो वेळा वापरली आहे. परंतु अंथरूण रात्रभर तेवढेच राहील, हे या म्हणीत गृहीत धरलेले आहे. झोपताना नीट मोजून पाय पसरलेल्या माणसाचे निम्मे अंथरूण मध्यरात्री कोणी ओढून नेले, तर सकाळी त्याचे पाय उघडेच दिसणार, आणि पाहणाऱ्याला फक्त उघडे पाय दिसतात. वसुली अधिकाऱ्यापुढे येणारी फाईल ही अशी सकाळची असते. कर्ज घेतले त्या दिवशी त्या घराचे उत्पन्न किती होते, किती माणसे कमावती होती आणि त्या दिवशीच्या हिशेबाने तो हप्ता झेपणारा होता की नव्हता, हे पाहायचे तर फाईल शेवटच्या पानावरून मागे न वाचता पहिल्या पानापासून पुढे वाचावी लागते. मी स्वतः हे बऱ्याच उशिरा शिकले.

ज्या प्रकरणाने मला हे शिकवले, ते ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. एका गृहस्थांनी दुचाकीसाठी कर्ज घेतले होते. पहिले १४ हप्ते ठरल्या तारखेला आले, पुढचे २ अर्धवट आले आणि नंतर काहीच आले नाही. तीन नोटिसांना उत्तर मिळाले नाही. चौकशीत कळले की त्यांनी दोन ठिकाणाहून आणखी कर्ज उचलले आहे, क्रेडिट कार्डाची मर्यादा संपवली आहे आणि आरोग्य विम्याचा हप्ता भरणे स्वतःहून बंद केले आहे. मी फाईलवर शेरा लिहिला: ‘ऐपतीबाहेर कर्ज. कर्जदार बेजबाबदार. सवलतीची शिफारस नाही.’ त्या शेऱ्यातला एकही तपशील खोटा नव्हता. काही दिवसांनी त्या गृहस्थांच्या पत्नी कार्यालयात आल्या आणि बोलण्याऐवजी त्यांनी एक वही माझ्यापुढे ठेवली.

मुलाच्या मागच्या इयत्तेतली ती अर्धी कोरी वही होती. पुढच्या पानांवर मुलाची गणिते होती, आणि वही उलटी करून मागच्या बाजूने घरखर्च लिहिलेला होता. डावीकडे तारीख, मध्ये बाब, उजवीकडे रक्कम आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन रेघांमध्ये बेरीज. घरभाडे, वीज, शाळा, पेट्रोल, हप्ता, हे सगळे महिनोन्महिने एका वळणदार अक्षरात लिहिलेले होते आणि एकाही पानाची बेरीज चुकलेली नव्हती. एका पानापासून ‘औषध’ ही बाब दिसू लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज. पुढे ‘तपासणी’ आली, ‘रिक्षा – दवाखाना’ आले, आणि जमेच्या बाजूला जिथे पगार लिहिलेला असे तिथे ‘बिनपगारी’ असा शब्द आला. त्यानंतर ‘उसने’ सुरू झाले. कोणाकडून घेतले ते आद्याक्षराने लिहिलेले, आणि परत केले की त्यावर बारीक तिरकी रेघ. रेघ मारलेल्या नोंदी कमी होत गेल्या. आणखी चार पानांनंतर नोंदी होत्या, पण तळाची बेरीज नव्हती. दोन रेघा ओढलेल्या होत्या आणि त्यांच्यामधली जागा कोरी होती. मी त्यांना विचारले, की बेरीज का थांबवली? त्या म्हणाल्या, “बाई, आकडा बघितला की रात्री झोप लागेना.”

त्या वहीवरून मला माझा शेरा एकेक करून तपासावा लागला. दुचाकीमुळे जाण्या-येण्याचा वेळ वाचत होता, म्हणून त्यांनी संध्याकाळचे दुसरे काम धरले होते आणि हप्ता त्या जादा कमाईतूनच जात होता; म्हणजे कर्ज घेतले त्या दिवशी ते ऐपतीबाहेर नव्हते. नंतरचे कर्ज उपचारांसाठी आणि आधीचा हप्ता भरण्यासाठी काढलेले होते. विमा मात्र त्यांनी खरोखरच बंद केला होता. शाळेची फी आणि विम्याचा हप्ता एकाच महिन्यात आले, तेव्हा त्यांनी फी भरली आणि विमा पुढच्या महिन्यावर ढकलला, आणि तो पुढचा महिना चार महिने आलाच नाही. ही चूक होती, आणि मी तिला आजही चूकच म्हणते. परंतु त्याच वर्षी, घराच्या दुरुस्तीच्या धांदलीत, माझ्या स्वतःच्या विम्याचा हप्ताही जवळजवळ तितकेच महिने थकला होता. मला कोणी बेजबाबदार म्हटले नाही, कारण त्या काळात माझ्या घरात कोणी आजारी पडले नाही. चूक दोघांची एकच होती. त्यांच्या घरी तिचे पर्यवसान दुचाकी जप्तीच्या नोटिशीत झाले, आणि माझ्या घरी विलंब आकार भरून विषय मिटला. या फरकाचे श्रेय मी माझ्या चारित्र्याला देऊ शकत नाही, आणि तो सगळा फरक त्यांच्या चारित्र्याच्या खात्यावर लिहिण्याचा अधिकारही मला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी शेरा बदलला, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची शिफारस केली आणि ती मान्य झाली.

हा प्रश्न आजचा नाही आणि त्याचे उत्तर शोधणारेही आपण पहिले नाही. इ. स. पूर्व १८ व्या शतकातल्या बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचे कायदे ज्या काळ्या शिळेवर कोरलेले आहेत, ती शिळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभी आहे. त्यातले ४८ वे कलम सांगते की डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाचे शेत वादळाने झोडपले किंवा पाण्याअभावी धान्य उगवले नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य देऊ नये, कर्जाची मातीची पाटी पाण्याने ओली करावी, म्हणजे करारातला मजकूर बदलता येईल, आणि त्या वर्षाचे व्याज त्याच्याकडून घेतले जाऊ नये. त्याच कायद्यात ५३ वे कलम आहे: ज्याने आपला बांध मजबूत ठेवण्यात हयगय केली आणि त्यामुळे पाणी शिरून इतरांची शेते बुडाली, त्याने बुडालेले धान्य भरून द्यावे. पाऊस माणसाच्या हातात नाही, बांध आहे, हा भेद त्या लोकांना स्वच्छ कळत होता. मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते की वादळात सापडलेल्याला सूट देताना, तो आदल्या वर्षी काटकसरीने राहिला होता की नव्हता, हे ते ४८ वे कलम विचारत नाही. आणि हयगय करणाऱ्याचे देणेही ५३ वे कलम नुकसानीच्या मापाने मोजते. (हे कायदे इतर बाबतींत अतिशय क्रूर होते, आणि नुकसान भरून देता आले नाही तर त्या माणसालाच विकण्याची तरतूद पुढच्याच कलमात आहे, हेही मला ठाऊक आहे, त्यांची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही.)

वाचकांपैकी काहींनी असे गृहीत धरले आहे की दारिद्र्यात सापडलेल्यांपैकी बहुतेक जण व्यसनाने किंवा आळसाने तिथे पोहोचतात. हे गृहीतक कोणी तरी मोजून पाहावे, असे १९ व्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांना वाटले. हे गृहस्थ जहाजवाहतुकीच्या व्यवसायातले धनाढ्य व्यापारी होते. १८८९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या पाहणीत त्यांनी सुमारे ४,००० गरीब कुटुंबांच्या दारिद्र्याची कारणे वर्गवार मांडली. सर्वांत गरीब वर्गात ५५ टक्के प्रकरणांचे मूळ रोजगारात होते, म्हणजे काम अनियमित होते किंवा मजुरी अपुरी होती. २७ टक्के प्रकरणांत आजारपण, अपंगत्व, खाणारी तोंडे जास्त असणे अशी परिस्थिती कारणीभूत होती. दारू आणि उधळेपणा या सवयींचा वाटा १४ टक्के निघाला, आणि काम टाळणारे ४ टक्के. सवयींचा वाटा शून्य नव्हता, हे या आकड्यांवरून मान्य करावेच लागते. पण तो लोक समजत होते त्याच्या जवळपासही नव्हता.

बूथ यांच्यानंतर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, समाज-अभ्यासक सीबोम राउंट्री यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघर पाहणी केली. निव्वळ शरीर टिकवून ठेवण्यापुरत्या गरजाही ज्यांच्या मिळकतीत भागत नव्हत्या, अशा कुटुंबांत निम्म्याहून अधिक, ५१.९६ टक्के, लोक अशा घरांतले होते जिथे कमावत्या माणसाला नियमित काम होते. फक्त मजुरी पुरेशी नव्हती. राउंट्री यांनी गरजांची जी किमान यादी धरली होती, तिच्यात गाडीभाड्याला, वर्तमानपत्राला किंवा मुलाच्या खेळण्याला एक पैसुद्धा ठेवलेली नव्हती, आणि हे त्यांनी वाचकांना मुद्दाम बजावून सांगितले. गरीब माणसाने एखादी हौस केली की त्याची गरिबी खोटी ठरवणाऱ्यांनी ही यादी आठवावी. वर्षानुवर्षे एकही चूक न करता आणि एकही इच्छा पुरी न करता जगणे, ही अट आपण स्वतःच्या घराला कधी लावत नाही. राउंट्री यांना आणखी एक गोष्ट दिसली होती, ती मला माझ्या टेबलावर रोज दिसत असे: कष्टकरी माणसाच्या आयुष्यात ओढगस्तीचे काळ ठरावीक टप्प्यांवर येतात, स्वतःच्या लहानपणी, मुले लहान असताना आणि म्हातारपणी. माणूस तोच असतो, त्याच्या सवयी त्याच असतात, खाणारी आणि कमावणारी तोंडे मात्र बदललेली असतात.

असे असूनही दोष देण्याकडे आपले मन इतके ओढ का घेते, याचाही अभ्यास झालेला आहे. मेल्व्हिन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, विजेचे झटके बसत असल्याचा देखावा करणारी एक व्यक्ती प्रेक्षकांना दाखवण्यात आली. ज्यांना तिची सुटका करणे शक्य होते, त्यांचे तिच्याविषयीचे मत फारसे बिघडले नाही. ज्यांना ती शक्यता नव्हती आणि तिचे हाल तसेच चालू राहणार असे वाटत होते, ते तिलाच कमी लेखू लागले. जग न्यायी आहे आणि ज्याचे त्याला मिळते, हा विश्वास टिकवण्यासाठी आपण दुःख भोगणाऱ्यातच खोट शोधतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. मला हे पटते, कारण वसुलीच्या खात्यात पहिल्या दोन-तीन वर्षांत मी ते स्वतःच्या मनात घडताना पाहिले आहे. समोरच्याने चूक केली म्हणून त्याच्यावर वेळ आली, असे ठरले की मी घरी जाऊन निर्धास्त झोपू शकत होते, कारण ती चूक मी करणार नव्हते.

या दोष देण्याने जे नुकसान होते, ते मी आता सांगते, आणि माझ्या पत्राचे कारण तेच आहे. हप्ता चुकल्यावर दुसऱ्या महिन्यात स्वतःहून कार्यालयात येणारा कर्जदार आणि चौदाव्या महिन्यात नोटिशीमागून येणारा कर्जदार, यांच्या अडचणी मुळात सारख्याच असत. पहिल्यासाठी माझ्या हातात पुष्कळ काही असे: मुदत वाढवता येई, काही महिने फक्त व्याज घेता येई, हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेला जुळवून घेता येई. चौदाव्या महिन्यात दंडव्याज चढलेले असे, जामीनदाराला पत्र गेलेले असे, प्रकरण वकिलाकडे पोहोचलेले असे, आणि मनात आणूनही मला फारसे काही करता येत नसे. उशिरा येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारत असे, आधी का आला नाहीत? उत्तरात पैशाचा उल्लेख क्वचितच येई. भावाला कळेल म्हणून, सासरी तोंड दाखवता येणार नाही म्हणून, शेजारी काय म्हणतील म्हणून, “तुम्ही काय म्हणाल म्हणून” अशी ती उत्तरे असत. एक गृहस्थ वर्षभर रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत होते आणि संध्याकाळी परत येत होते. नोकरी गेल्याचे त्यांनी घरात सांगितलेच नव्हते, आणि पगाराच्या तारखेला कर्ज काढून ते पत्नीच्या हातात पगार ठेवत होते.

त्या वर्षभरात व्याज काय करते, हे आकड्यांनी सांगितल्याशिवाय कळणार नाही. दरमहा ३ टक्के हा दर ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु काहीच भरले नाही तर चक्रवाढीने तो वर्षाला ४२ टक्क्यांहून अधिक होतो आणि २४ महिन्यांत कर्ज दुप्पट होते. माणूस हात जोडून बसलेला नसतो, तो काही ना काही भरत असतो. म्हणून किमान रक्कम भरत राहणाऱ्याचे उदाहरण घेऊ. देणे १०० धरले, दरमहा ३ टक्के व्याज लागले आणि व्याजासह झालेल्या बाकीच्या ५ टक्के रक्कम तो दरमहा इमाने-इतबारे भरत राहिला, तर कार्डावर एकही नवा खर्च न करता ते १०० चे ५० व्हायला ३२ महिने लागतात, आणि तोवर त्याने सुमारे १२० भरलेले असतात. १०० घेतले, १२० दिले आणि ५० अजून द्यायचे आहेत! असा माणूस जेव्हा मला सांगत असे की मी भरतोच आहे पण संपतच नाही, तेव्हा तो खरे बोलत असे. आणि दर महिन्याच्या विवरणपत्रात ही किमान रक्कमच ठळक छापलेली असल्याने, तेवढी भरली की आपण जबाबदारीने वागलो, असे त्याला मनापासून वाटत असे.

शिवाय टंचाईत माणसाची विचार करण्याची ताकदही तेवढीच शिल्लक राहते का, हा प्रश्न आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची उसाचे पैसे येण्यापूर्वी आणि आल्यानंतर अशी दोनदा चाचणी घेतली होती. तेच शेतकरी पैसे येण्यापूर्वी आकलनाच्या चाचणीत कमी पडले. या निष्कर्षाची व्याप्ती किती मानावी यावर संशोधकांत पुढे मतभेद झाले, त्यामुळे मी त्यावर मोठा डोलारा उभारत नाही. परंतु बेरीज करणे थांबवलेली ती वही मी पाहिलेली आहे. त्या बाईंना बेरीज येत नव्हती असे नाही. तो आकडा सहन करण्याची शक्ती उरली नव्हती, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या घराला जास्तीत जास्त शहाणपणाचे निर्णय घ्यायचे होते.

एवढे लिहिल्यावर मी कर्जदारांची वकिली करते आहे असे कोणाला वाटेल, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडते. बेजबाबदार माणसे मी पाहिली आहेत. पत्नीचे दागिने तिला न सांगता गहाण टाकून ऑनलाइन जुगारात घालवणारा माणूस परिस्थितीचा बळी आहे, असे मी म्हणणार नाही. ऐपत असून केवळ पचेल म्हणून कर्ज बुडवणारे आणि जामीनदार झालेल्या मित्राला अडचणीत टाकून निर्धास्त फिरणारे लोकही असतात. ज्या घरात दुर्दैवाने सुरुवात झाली, त्या घराचीही पुढची जबाबदारी संपत नाही. उत्पन्न घटल्याचे घरातल्या मोठ्यांना त्याच महिन्यात सांगणे, एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज न काढणे, आणि ज्याचे देणे आहे त्याच्यापासून तोंड न लपवणे, या गोष्टी आजारी माणसाच्या कुटुंबालाही बहुतेक वेळा करता येतात. मी त्यांच्याकडून या गोष्टींची अपेक्षा ठेवते आणि समोर बसलेल्यांना तसे बजावतेही. फक्त तिथे कसे पोहोचलात या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक मिळाल्याशिवाय मी पुढे काय करायचे हे सांगायला नकार देत नाही. डॉक्टर हाड बसवण्याआधी रोग्याचा पाय कोणाच्या चुकीने घसरला याचा पंचनामा करत बसत नाहीत. जुगाराच्या बाबतीत पंचनामाही करावा लागतो, कारण तिथे तोच उपचाराचा भाग असतो, पण तोही नंतर.

जबाबदारीच्या या हिशेबात आपण एका पक्षाला नेहमी विसरतो, आणि तो पक्ष म्हणजे कर्ज देणारा. मी त्याच बाजूला पगार घेतला आहे, म्हणून मला हे लिहिणे भाग आहे. महिनाअखेर कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठायचे असताना अर्जदाराचे इतर हप्ते किती आहेत हे न विचारता मंजूर केलेली प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि वर्षभराने तीच प्रकरणे थकल्यावर ‘कर्जदाराने माहिती दडवली’ असा शेरा मारलेलाही पाहिला आहे. परतफेडीची ऐपत तपासणे हे कर्ज देणाऱ्याचे काम आहे, त्यासाठी त्याच्याकडे माणसे, कागद आणि अनुभव असतो, आणि चुकले तर एका प्रकरणाने त्याचे घर उघड्यावर येत नाही. फोनवर काही मिनिटांत मंजूर होणाऱ्या आजच्या कर्जांत तर समोरासमोर प्रश्न विचारणारा माणूसच उरलेला नाही. घेणाऱ्याने अंथरूण पाहावे हे खरे. देणाऱ्यानेही ते पाहायचे असते.

नातेवाइकांविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या घरांनी सावरून दाखवले, त्यांच्याकडे पैसा इतरांपेक्षा जास्त होता असे मला आढळले नाही. त्यांच्याकडे निदान एक असा माणूस होता, बहीण, मामा, जुना सहकारी, कोणीही, ज्याच्यापुढे सगळे कागद पसरता येत होते आणि जो पहिल्या अर्ध्या तासात “मी तेव्हाच सांगितले होते” हे वाक्य उच्चारत नव्हता. पुष्कळदा त्या माणसाने एक पैसाही दिलेला नसे. त्याने फक्त सगळी देणी एका कागदावर उतरवलेली असत, कोणाचे व्याज जास्त, कोण थांबू शकतो, कोणाशी आधी बोलायचे, एवढेच.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. कर्जाला कंटाळून घर सोडल्याच्या, घर लिलावात गेल्याच्या किंवा त्याहून भयंकर बातम्या छापताना, ते कर्ज ‘चैनीसाठी’ होते की ‘आजारपणासाठी’, हे मथळ्यात ठरवून टाकण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी आपल्या वार्ताहरांनी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: पहिला हप्ता कोणत्या महिन्यात चुकला, आणि त्या कुटुंबाने ते पहिल्यांदा कोणाला आणि केव्हा सांगितले. या दोन तारखांमध्ये जे अंतर असते, ते छापून येऊ लागले तर आपल्या वाचकांपैकी एखादा तरी, जो आज हे पान वाचताना कपाटातल्या न उघडलेल्या पाकिटांचा विचार करत असेल, तो ती पाकिटे याच आठवड्यात घरातल्या कोणाच्या तरी समोर उघडेल.

माझ्या जुन्या कर्जदारांची ओळख पटू नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वसुली अधिकारी